रात्रीच्या हाका आणि आपले ऐकणे

मराठी कवितेतला वसंत हा प्रामुख्याने दिवसाचा ऋतू आहे. आंब्याचा मोहर, पळसाची फुले, कोकिळाचे कूजन ही त्याची नेहमीची सामग्री, आणि ती बहुतेक उजेडातली. त्यात पक्ष्याचा आवाज आला की त्याला 'गाणे' म्हणण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे की, पक्षी गाण्यावाचून दुसरे काही बोलत असतील असा विचारही सहसा मनात येत नाही. उत्तर अमेरिका आणि युरोप येथे मात्र गेली काही दशके काही अभ्यासक आणि असंख्य हौशी माणसे वसंतातल्या रात्री घराच्या छपरावर किंवा अंगणात ध्वनिग्राहक ठेवतात, त्याचे तोंड आकाशाकडे करतात आणि अंधारातून उत्तरेकडे जाणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांचे आवाज मुद्रित करतात. या मुद्रणांत गाणे जवळजवळ नाहीच. तेथे आहेत त्या हाका. साहित्याच्या विद्यार्थ्याने आणि शिक्षकाने या उद्योगाकडे परक्या देशातला एक छंद म्हणून पाहून पुढे जाऊ नये, असे आमचे मत आहे. दुसऱ्याचा आवाज ऐकणे म्हणजे नेमके काय, हा आपल्या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न तेथे फार स्वच्छ रूपात उभा आहे. आणि त्याच्या उत्तरावर तेथे जीव अवलंबून आहेत.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून घेऊ. मध्य व दक्षिण अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर हिवाळा काढलेले लहान पक्षी एप्रिल-मे महिन्यांत कॅनडाच्या जंगलांपर्यंतचा प्रवास करतात. थ्रश (आपल्या कस्तुराचे हे आप्त), वॉर्बलर, स्पॅरो अशा पक्ष्यांचा त्यांत मोठा भरणा असतो. (अमेरिकेत ज्यांना स्पॅरो म्हणतात त्यांचे आपल्या चिमणीशी जवळचे नाते नाही, हे जाता जाता नमूद करतो.) यांतले बहुसंख्य पक्षी दिवसा झाडाझुडपांत खातात आणि रात्री उडतात. रात्री हवा थंड आणि तुलनेने स्थिर असते, शिकारी पक्षी कमी असतात, आणि दिशा दाखवायला तारे असतात. पक्षी ताऱ्यांवरून दिशा ठरवू शकतात हे स्टीफन एम्लेन यांनी इंडिगो बंटिंग नावाच्या पक्ष्यावर तारांगणात केलेल्या आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. या उड्डाणात अनेक जातींचे पक्षी अधूनमधून एक अगदी लहानसा आवाज काढतात. तो बहुधा सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागात संपतो. थ्रशचा आवाज खालच्या पट्टीतला, बेडकाच्या बारीक ओरडण्यासारखा किंवा किंचित घसरत जाणारा. वॉर्बलर आणि स्पॅरो यांचा इतका उंच आणि बारीक, की वय झालेल्या कानाला तो ऐकूही येऊ नये.

गाणे आणि हाक यांतला फरक पक्षिशास्त्रात पक्का आहे. गाणे मुख्यतः विणीच्या हंगामातले, जोडीदारासाठी आणि हद्द राखण्यासाठी. पुष्कळ जातींत ते मोठ्यांचे ऐकून शिकावे लागते. हाक लहान, साधी, बाराही महिन्यांची. रात्रीच्या उड्डाणातल्या हाकेचे नेमके कार्य काय यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे. परंतु अंधारात एकमेकांशी संपर्क ठेवणे हा तिचा एक महत्त्वाचा भाग असावा, याबद्दल फारसा मतभेद नाही. कमी उंचीवर ढग आले, धुके पडले की हाका वाढतात. थ्रशच्या हाका पहाटे, उतरण्याच्या सुमारास, विशेष दाट होतात. 'मी येथे आहे, तू कोठे आहेस', एवढाच काय तो मजकूर. त्यात अलंकार नाही, श्रोत्याला जिंकण्याची इच्छा नाही, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाशी तर काहीच संबंध नाही.

या हाका ऐकण्याचा इतिहास बराच जुना आहे. १८९६ च्या सप्टेंबरात ओरिन लिबी या गृहस्थाने अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनजवळच्या एका टेकडीवर एका रात्रीत सुमारे ३,८०० हाका मोजल्या आणि तो वृत्तांत १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. हाताशी कोणतेही यंत्र नव्हते. कान आणि चिकाटी एवढेच भांडवल. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय राज्यात रिचर्ड ग्रेबर आणि विल्यम कॉक्रन यांनी रात्रभर चालेल अशी ध्वनिफीत आणि आकाशाकडे वळवलेला ध्वनिग्राहक यांच्या साहाय्याने या हाका प्रथमच पद्धतशीरपणे मुद्रित केल्या. मे १९८५ मध्ये सेंट क्रॉई नदीच्या काठावरील कड्यावर मुक्कामाला असताना बिल एव्हान्स या तरुणाला एका रात्रीत डोक्यावरून कितीतरी पक्षी, त्यांत काळ्या चोचीच्या कोकिळांसारखे एरवी सहज न दिसणारे पक्षी, जाताना ऐकू आले, आणि पुढे त्याने हेच आयुष्याचे काम मानले. प्लॅस्टिकची कुंडी, त्यात जेवणाची प्लॅस्टिकची थाळी, तीवर लहानसा ध्वनिग्राहक आणि पावसापासून बचाव म्हणून वर ताणलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद, अशी त्याच्या यंत्राची रचना होती. ती कोणालाही घरी करता यावी हाच हेतू. रात्री ऐकलेली हाक कोणाची हे ठरवायचे, तर तोच आवाज दिवसा, पक्षी डोळ्यांसमोर असताना मिळवायचा आणि दोहोंचे ध्वनिचित्र शेजारी ठेवून ताडून पाहायचे, असे हे काम. एव्हान्स आणि मायकेल ओब्रायन यांनी २००२ मध्ये पूर्व उत्तर अमेरिकेतील भूचर पक्ष्यांच्या उड्डाणातील हाकांचा मार्गदर्शक तबकडीच्या रूपात प्रकाशित केला, तो या परिश्रमाचे फळ होय.

२०२० च्या वसंतात टाळेबंदीमुळे ब्रिटनमधली माणसे घरात अडकली, विमाने थांबली, रस्ते शांत झाले. तेव्हा अनेकांनी परसातच ध्वनिग्राहक लावले. मार्चअखेर आणि एप्रिलच्या आरंभी समुद्रापासून दूरच्या गावांतल्या या मुद्रणांत कॉमन स्कोटर नावाच्या काळ्या समुद्री बदकांच्या हाका एकामागून एक सापडू लागल्या. जे पक्षी समुद्रकिनारी दुर्बिणीतून पाहायचे, ते रात्री शहरांच्या, घरांच्या वरून देश ओलांडून जात होते. ते नव्याने जाऊ लागले नव्हते. त्या वर्षी एवढ्या ठिकाणी, एवढ्या शांततेत, ऐकायला माणसे बसली होती, इतकेच.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. पक्ष्याचा आवाज आपल्याला उद्देशून आहे असे मानणे ही सर्व भाषांतली जुनी रीत आहे, आणि मराठीतही ती आहे. पावशा ओरडतो तेव्हा तो शेतकऱ्याला 'पेरते व्हा' असे सांगतो. टिटवी रात्री ओरडली तर घरातली वडील माणसे अस्वस्थ होतात. या ऐकण्याला आम्ही कमी लेखत नाही. पावशाचे बोल ज्याने प्रथम ऐकले त्याला पाऊस, माती आणि पक्षी यांचा परस्परसंबंध ठाऊक होता; ते शब्द त्याच्या निरीक्षणातून आले आहेत. तरीही या रीतीत श्रोता केंद्रस्थानी असतो, हे मान्य केले पाहिजे. आवाज आला तो माझ्यासाठी, त्याचा अर्थ माझ्या कामाचा. रात्रीच्या हाकेला ही रीत लागू पडत नाही. तिच्यातून निरोप काढता येत नाही, शकुन काढता येत नाही, आणि सेकंदाच्या दहाव्या भागात रसास्वादही घेता येत नाही. ती ऐकायची तर आपण तिचे श्रोते नाही हे आधी स्वीकारावे लागते. दोघांच्या संभाषणात तिसऱ्याने कसे असावे, याचे हे शिक्षण आहे.

हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांना नवा नाही. जात्यावरच्या ओव्या पहाटेच्या अंधारात बायकांनी स्वतःसाठी, शेजारणीसाठी, दूरच्या भावासाठी आणि विठ्ठलासाठी म्हटल्या; विद्यापीठासाठी म्हटल्या नाहीत. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि पुढे त्यांतल्या पुष्कळ गाणारणींच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. ओवी छापील पानावर वाचणारा आणि तीच ओवी म्हाताऱ्या, थकलेल्या आवाजात ऐकणारा, यांच्या हाती एकच गोष्ट लागत नाही. ऐकणाऱ्याला एवढे तरी कळते की हे आपल्यासाठी म्हटलेले नव्हते, आणि आता ते आपल्यापर्यंत आले आहे तर त्याच्याशी जपून वागले पाहिजे. पक्षी आणि ओवी म्हणणारी बाई यांची बरोबरी आम्हाला करायची नाही. तसे करणे अनुचित ठरेल. बरोबरी आहे ती ऐकणाऱ्याच्या जबाबदारीची.

या जबाबदारीचा पहिला भाग म्हणजे न कळलेले न कळलेले म्हणून नोंदवणे. काही वॉर्बलरांच्या हाका एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की ध्वनिचित्रावरूनही जात सांगता येत नाही. ब्लॅकपोल, बे-ब्रेस्टेड, ब्लॅकबर्नियन, यलो इत्यादी वॉर्बलरांच्या अशा हाकांसाठी अभ्यासकांनी 'झीप' नावाचा एक सामाईक गट केला आहे. हाक त्या गटात टाकायची आणि थांबायचे. हे थांबणे आम्हाला फार मोलाचे वाटते. आमच्या वर्गांत कवितेच्या प्रत्येक ओळीचा अर्थ परीक्षेपूर्वी निश्चित व्हावा लागतो. बाजारातली मार्गदर्शके तर कवीलाही न सुचलेले अर्थ क्रमांक घालून देतात. 'ही ओळ या दोन-तीन अर्थांच्या गटात बसते, याहून नेमके सांगता येत नाही' असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण किती गुण देतो? प्रामाणिक अनिश्चितता हा ज्ञानाचाच एक प्रकार आहे, ही गोष्ट पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी आपल्याहून अधिक चांगली ओळखली आहे.

दुसरा भाग मौनाचा. सर्वच पक्षी रात्री हाका मारीत नाहीत. व्हिरिओ आणि अनेक फ्लायकॅचर हे रात्री स्थलांतर करतात, पण अशा हाका सहसा देत नाहीत. त्यांचे थवेच्या थवे छपरावरून गेले तरी यंत्रात काहीही उमटणार नाही. म्हणून उत्तम ध्वनिमुद्रणही आकाशाचा संपूर्ण वृत्तांत नसतो. बोलणाऱ्यांचा वृत्तांत असतो. साहित्याच्या इतिहासालाही हीच मर्यादा आहे. ज्यांचे शब्द लिहिले गेले त्यांचाच इतिहास आपण शिकवतो आणि तो सर्वांचा इतिहास आहे असे समजून चालतो. दलित साहित्याने आणि स्त्रियांच्या लेखनाने या समजाला धक्का दिला, हे आपण मुलांना सांगतो. परंतु नोंदीत नसणे म्हणजे अस्तित्वात नसणे नव्हे, हे तत्त्व अभ्यासाच्या पद्धतीत उतरवायचे मात्र राहून जाते.

यावर एक आक्षेप येईल, तो असा की आता हे सारे संगणक करतो. ते खरे आहे. कॉर्नेल येथील पक्षिशास्त्र संस्था आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्या 'बर्डव्हॉक्स' प्रकल्पाने रात्रीच्या मुद्रणांतून हाका आपोआप शोधण्याच्या पद्धती विकसित केल्या. दहा तासांच्या मुद्रणातून चार-दोनशे हाका वेचणे हे माणसाला शिणवणारे काम आहे, आणि ते यंत्राने केले तर त्याला आमचा विरोध नाही. आमची शंका वेगळी आहे. यंत्र यादी देते. यादी हाती आल्यावर ऐकण्याची गरज उरली नाही असे वाटू लागते. कवितेचा सारांश वाचून कविता वाचल्याचे समाधान मिळवणारा विद्यार्थी आपल्या परिचयाचा आहे. यंत्राने सुचवावे आणि माणसाने ऐकून मान्य-अमान्य करावे, हा क्रम गंभीर अभ्यासकांनी अजून सोडलेला नाही. तो सुटू नये, कारण यादीला लाज वाटत नाही. ऐकणाऱ्याला वाटू शकते.

लाज हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरला आहे. शिकागो येथील मॅककॉर्मिक प्लेस या सरोवराकाठच्या काचेच्या प्रचंड इमारतीवर आपटून मरणारे पक्षी १९७८ पासून फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलर्ड वेचीत आले. शिकागो आणि क्लीव्हलँड या शहरांतल्या चाळीस वर्षांच्या अशा सुमारे सत्तर हजार नोंदींचा अभ्यास बेंजामिन विंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून दिसले ते असे: जे पक्षी रात्री हाका मारतात, ते न मारणाऱ्यांपेक्षा दिव्यांच्या इमारतींवर अधिक आपटतात. प्रकाशाने गोंधळलेला पक्षी हाक मारतो. ती ऐकून दुसरे जवळ येतात. तेही गोंधळतात आणि तेही हाक मारतात, असे त्यामागचे कारण असावे, असे हे संशोधक मानतात. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मृतीसाठी आकाशात सोडल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही झोत चालू असताना पक्ष्यांची दाटी आणि हाका दोन्ही वाढल्याचे, आणि झोत थोडा वेळ बंद करताच पक्षी पांगल्याचे आढळले. लाखो वर्षांत घडलेली, सोबत टिकवण्यासाठी असलेली हाक आपल्या दिव्यांमुळे सापळ्याचा भाग झाली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी मॅककॉर्मिक प्लेसच्या पायथ्याशी एका दिवसात सुमारे एक हजार मृत पक्षी सापडले. त्यानंतर २०२४ मध्ये काचांवर ठिपक्यांचे पातळ आवरण लावण्यात आले आणि मृत्यूंचे प्रमाण फारच खाली आले. म्हणजे उपाय होता. तो करायला चार दशकांहून अधिक काळ लागला.

आपल्या परंपरेत काव्याच्या जन्माची कथाच एका पक्ष्याच्या आक्रोशाशी जोडलेली आहे. व्याधाच्या बाणाने क्रौंच पडला, क्रौंचीने आक्रोश केला, आणि वाल्मीकींचा शोक श्लोक झाला. काव्यशास्त्र शिकवताना आपण ही कथा सांगतो ती करुणरसाचे मूळ म्हणून. आनंदवर्धनांनीही ध्वन्यालोकात तिचा आधार घेतला आहे. मात्र त्या पहिल्या श्लोकाचा आशय काय होता याकडे आपले लक्ष कमी जाते. तो व्याधाला दिलेला शाप होता. कवीने आक्रोश ऐकला आणि हे कोणी केले, असा प्रश्न विचारला. रसाची चर्चा त्यानंतरची आहे. ऐकणे आणि जबाब मागणे यांची ही जोडी पुढच्या काळात सुटली, आणि पक्ष्याचा आवाज कवीच्या मनःस्थितीचे उपकरण होऊन बसला. रात्रीच्या हाकांचे मुद्रण करणारी माणसे काव्य करीत नाहीत. पण ती जोडी त्यांच्या कामात पुन्हा दिसते, असे आम्हाला वाटते. त्यांनी ऐकले, म्हणून कोणता दिवा कोणाला मारतो हे विचारता आले. फरक इतकाच की येथे व्याध दुसरा कोणी नाही.

आपल्या आकाशाची स्थिती वेगळी नाही. उजनीच्या जलाशयावर हिवाळा काढणारे पट्टकादंब हंस वसंतात उत्तरेकडे निघतात. हे हंस हिमालय बहुधा रात्री आणि पहाटे ओलांडतात, हे उपग्रहाद्वारे केलेल्या अभ्यासातून २०११ मध्ये स्पष्ट झाले. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाला रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा धडकला आणि घाटकोपर परिसरात जवळपास चाळीस पक्षी मरून पडले. आपल्या डोक्यावरून रात्री कोण जाते हे बहुतेकांना कळले ते असे, मृतदेहांवरून. जिवंतपणीच्या आवाजावरून ते कळू शकले असते.

मराठीच्या विभागांनी पक्षिशास्त्राचे वर्ग उघडावेत असे आम्ही सुचवीत नाही. परंतु भाषेचा अभ्यास हा ऐकण्याचा अभ्यास आहे असे आपण म्हणत असू, तर आपल्याला उद्देशून नसलेला आवाज कसा ऐकावा, हे त्यात आले पाहिजे. एखाद्या महाविद्यालयाने मार्च-एप्रिलमधली एक रात्र गच्चीवर ध्वनिमुद्रक ठेवावा, त्याआधी गच्चीवरचे आणि आवारातले दिवे मालवावेत, आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांनी ते मुद्रण मिळून ऐकावे. बहुतेक वेळ वाहनांचा आवाज, कुत्र्यांचे भुंकणे आणि पहारेकऱ्याचा खोकला ऐकू येईल. एखादी हाक मिळाली तर तिच्यापुढे जात लिहिता येईलच असे नाही. तेव्हा 'अज्ञात' असे लिहावे. आणि काहीच मिळाले नाही, तरी एक रात्र दिवे बंद राहिले, एवढे त्या पक्ष्यांच्या खात्यावर जमा होईल.